कळते, पण वळायला वेळ लागतो

वर्गासमोर उभी राहून उत्तर सांगता सांगता एका मुलीला रडू फुटते आणि मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येतो. हसणारा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याच दिवशी संध्याकाळी तो घरात गप्प गप्प असतो आणि फारच खोदून विचारल्यावर ‘मला तसं हसायचं नव्हतं’ एवढेच सांगतो. अशा वेळी मोठ्यांचे मत बहुधा तात्काळ तयार होते: मुलगा निष्ठुर आहे, किंवा घरातून संस्कार कमी पडले आहेत. मात्र समानुभूतीविषयी, म्हणजे दुसऱ्याचे मन ओळखण्याविषयी आणि त्याचे दुःख आपल्यालाही जाणवण्याविषयी, विकासात्मक मानसशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात गेल्या काही दशकांत झालेले संशोधन वाचल्यावर हा निवाडा फार घाईचा वाटू लागतो. आपण ज्याला ‘कळते पण वळत नाही’ म्हणतो, ती अवस्था या वयात खरोखरच असते आणि ती प्रयोगशाळेत मोजताही येते.

दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, हे मुलांना फार लवकर समजते. मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी 1983 मध्ये लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो आणि त्याच्या गैरहजेरीत आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो चॉकलेट कोठे शोधेल? तीन-चार वर्षांची मुले ते आता जेथे आहे तीच जागा दाखवतात. पुढच्या एकदोन वर्षांत बहुतेक मुलांच्या लक्षात येऊ लागते, की त्या मुलाला बदल ठाऊक नसल्यामुळे तो जुन्याच जागी शोधणार. यावरून बराच काळ असा समज होता, की दुसऱ्याचे मन जाणण्याची क्षमता बालपणीच पूर्ण होते आणि कुमारवयात तिच्यात शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

या समजाला धक्का देणारा एक साधा प्रयोग इर्वाझ द्युमोंतेय, इयान ॲपर्ली आणि सारा-जेन ब्लेकमोर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 7 ते 27 वर्षे वयाच्या 177 मुली आणि तरुणी सहभागी झाल्या होत्या. पडद्यावर खणांची एक मांडणी दिसते आणि तिच्या पलीकडे उभी असलेली व्यक्ती वस्तू हलवण्याच्या सूचना देते. काही खणांना मागून झाकण असल्यामुळे त्यांतील वस्तू त्या व्यक्तीला दिसत नाहीत. ‘लहान चेंडू हलव’ असे ती म्हणाली, तर तिला दिसत असलेल्या चेंडूंपैकी लहान चेंडू निवडायला हवा. सर्वांत लहान चेंडू झाकलेल्या खणात असेल, तर तो तिच्या मनात असणेच शक्य नाही. तुलनेसाठी दुसऱ्या फेरीत ती व्यक्ती काढून टाकून फक्त ‘झाकलेल्या खणांतील वस्तू मोजू नका’ असा नियम देण्यात आला. तर्काच्या दृष्टीने दोन्ही फेऱ्या सारख्याच होत्या. नियमाच्या फेरीत 14 ते 17 वर्षांच्या मुली प्रौढांच्या बरोबरीने अचूक ठरल्या, पण समोर माणूस असलेल्या फेरीत त्यांच्या चुका प्रौढांपेक्षा जास्त झाल्या. (प्रौढही या फेरीत बऱ्यापैकी चुकतात, हे येथे नमूद केले पाहिजे.)

या निष्कर्षाचे महत्त्व मला फार मोठे वाटते. समोरच्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्या मुलींना ठाऊक होते. विचारले असते तर त्यांनी ते बिनचूक सांगितले असते. कृती करण्याच्या क्षणी, स्वतःच्या नजरेला पडणारी गोष्ट बाजूला ठेवून ते ज्ञान वापरणे मात्र अजून अंगवळणी पडलेले नव्हते. वर्गात हसणाऱ्या मुलालाही रडणे म्हणजे काय हे ठाऊक असते. ते ज्ञान हसण्याच्या आधी पोहोचत नाही आणि संध्याकाळी पोहोचते.

यामागे मेंदूची जडणघडण आहे. मेंदूचे अभ्यासक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये त्याच त्या मुलांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा (एमआरआय) काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेऊन दाखवले, की मेंदूच्या पुढच्या भागातील करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी दाटलेला थर, बालपणी वाढत जाते, मुलींमध्ये साधारण 11 व्या आणि मुलांमध्ये 12 व्या वर्षाच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि त्यानंतर कमी होऊ लागते. हे कमी होणे म्हणजे ऱ्हास नव्हे. चेतापेशींमधील न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या गळून पडतात, वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात आणि चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढत गेल्यामुळे संदेश अधिक वेगाने धावू लागतात. हे काम विशीच्या पुढेही चालू राहते. दुसऱ्याच्या हेतूंविषयी विचार करताना कुमारवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया मेंदूचे एकच जाळे वापरतात, पण मुलींमध्ये कपाळामागच्या मधल्या भागावर भार जास्त पडतो, असेही ब्लेकमोर यांच्या गटाला 2007 मध्ये आढळले. एखादे काम नवे असताना त्यासाठी अधिक लक्ष आणि अधिक कष्ट लागतात, तशीच काहीशी ही स्थिती असावी.

आतापर्यंत आपण दुसऱ्याचे मन ओळखण्याविषयी बोललो. समानुभूतीला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्यालाही काही वाटणे. टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये सोळा जोडप्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. स्त्रीला स्वतःला हातावर वेदनादायक झटका बसला, तेव्हा तिच्या मेंदूतील जे भाग सक्रिय झाले, त्यांपैकी वेदनेच्या क्लेशाशी निगडित असलेले भाग जोडीदाराला झटका बसतो आहे एवढे समजल्यावरही सक्रिय झाले; वेदना शरीरावर नेमकी कोठे आणि कशी आहे हे नोंदवणारे भाग मात्र शांत राहिले. म्हणजे दुसऱ्याच्या दुःखातील बोचणी आपल्यापर्यंत पोहोचते, तपशील पोहोचत नाही. तो विचारूनच मिळवावा लागतो.

ही दोन अंगे एकाच गतीने वाढत नाहीत. नेदरलँड्समध्ये सुमारे पाचशे मुलामुलींना वयाच्या 13 व्या वर्षापासून 18 व्या वर्षापर्यंत दरवर्षी प्रश्नावल्या देऊन योलिएन फान डर ग्राफ आणि सहकाऱ्यांनी या वाढीचा मागोवा घेतला. दुसऱ्याच्या बाजूने विचार करण्याची सवय वयानुसार वाढत गेली, मुलींमध्ये अधिक ठळकपणे आणि मुलांमध्ये काहीशी उशिरा. दुसऱ्याविषयी वाटणारी कळकळ मुलींमध्ये साधारण स्थिर राहिली. मुलांमध्ये मात्र ती कुमारवयाच्या मध्यापर्यंत घसरली आणि नंतर पुन्हा पहिल्या पातळीवर आली. हे सर्व मुलांनी स्वतःविषयी सांगितलेले आहे, त्यामुळे ‘मला वाईट वाटते’ हे कबूल करायची लाज या घसरणीत कितपत मिसळलेली आहे हा प्रश्न उरतोच. तरीही ज्या पालकांना आपला हळवा मुलगा पंधराव्या वर्षी अचानक कोरडा झाल्यासारखा वाटतो, त्यांनी हा आलेख सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत पाहावा.

समानुभूती ही मुळात चांगली गोष्ट असली, तरी तिच्यात एक मोठी खोट आहे: ती आपल्या माणसांकडे अधिक सहज वळते. ग्रिट हाइन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये फुटबॉलच्या चाहत्यांवर केलेल्या प्रयोगात, आपल्या संघाच्या चाहत्याला वेदना होताना पाहून मेंदूतून उमटणारा प्रतिसाद प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्याच्या वेदनेला मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा अधिक होता. आणि ‘आपली माणसे’ ठरायला किती क्षुल्लक कारण पुरते, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग कुमारवयीन मुलांवरच झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावरील ठिपक्यांचा अंदाज करायला किंवा पाउल क्ले आणि वासिली कँडिन्स्की यांच्या चित्रांपैकी आवडती निवडायला सांगितले आणि त्यावरून गट पाडल्याचे भासवले. प्रत्यक्षात वाटणी स्वैरपणे केलेली होती. गटात कोण कोण आहे हे मुलांना माहीत नव्हते आणि स्वतःला पैसे देण्याची मुभाही नव्हती. तरी दुसऱ्यांना पैसे वाटून देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच काय, आपल्या गटाला एकूण रक्कम थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावी, अशी निवड अनेकदा झाली. हे निष्कर्ष 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. ताजफेल स्वतः पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले होते, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना युद्धकैदी झाले आणि परतले तेव्हा त्यांचे जवळचे जवळजवळ सगळे कुटुंब मारले गेले होते. ‘आपण’ आणि ‘ते’ हा भेद कोठून सुरू होतो, हा प्रश्न त्यांनी निव्वळ अभ्यासाची आवड म्हणून हाती घेतलेला नव्हता.

म्हणूनच समानुभूतीबरोबर सहिष्णुतेचा स्वतंत्र विचार करावा लागतो. जे आपल्याला आवडते किंवा ज्याचे आपल्याला काहीच वाटत नाही, त्याच्या बाबतीत सहिष्णुतेचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या मताला किंवा रीतीला आपला मनापासून विरोध आहे, तिला काही अधिक महत्त्वाच्या कारणासाठी जागा देणे म्हणजे सहिष्णुता. त्यासाठी दोन तत्त्वे एकाच वेळी मनात धरून त्यांचे वजन करावे लागते, आणि असे अमूर्त वजन करण्याची ताकद कुमारवयातच वाढीला लागते. मुले हे वजन कसे करतात, याचा सेसिलिया वाइनरिब आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. कोणी चुकीचे मत बाळगणे, ते बोलून दाखवणे आणि त्याप्रमाणे वागणे या तीन गोष्टींकडे मुले एकाच मापाने पाहत नाहीत: मत सर्वांत सहज चालवून घेतले जाते, बोलणे त्याहून कमी आणि इतरांना अपाय करणारे वागणे सर्वांत कमी. हा फरक करता येणे हे प्रगल्भतेचे लक्षण आहे, आणि काही बाबतींत मुले वयानुसार अधिक कठोर होतात याची काळजी करण्याचे कारण नाही. जो मुलगा वेगळ्या श्रद्धेच्या मित्राशी वाद घालतो पण त्या मित्राची टिंगल होऊ देत नाही, त्याला सहिष्णुता समजलेली असते. सगळ्यांचे सगळेच बरोबर म्हणणाऱ्याला ती समजली आहे असे म्हणता येत नाही.

ही समज केवळ उपदेशाने येत असल्याचे फारसे दिसत नाही. ती सहवासातून येते, पण कोणत्याही सहवासातून नव्हे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले, की वेगवेगळ्या गटांतील माणसे समान दर्जाने, एकाच उद्दिष्टासाठी, एकमेकांच्या मदतीने काम करतात आणि संस्था या मेळाला पाठिंबा देते, तेव्हा पूर्वग्रह कमी होतात. थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये 38 देशांतील अडीच लाखांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बहुसंख्य अभ्यासांत संपर्काबरोबर पूर्वग्रह कमी असल्याचे दिसले. परिणाम मध्यम होता, पण सातत्याचा होता. ऑलपोर्ट यांच्या अटी पाळल्या गेल्या तेथे तो अधिक होता.

या अटी वर्गात कशा उतरवायच्या, याचे एक सुंदर उदाहरण एलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे घालून दिले. तेथील शाळांत कृष्णवर्णीय, गोऱ्या आणि लॅटिन अमेरिकी मुलांना पहिल्यांदाच एकत्र बसवल्यानंतर वैर उफाळले होते. ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून लहान, मिश्र गटांतील प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. तो तुकडा इतरांना समजावून सांगण्याची जबाबदारी त्याची, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. अडखळत बोलणाऱ्या मुलाची खिल्ली उडवली, तर त्याच्याकडची माहिती कोणालाच मिळणार नाही, हे मुलांच्या काही दिवसांतच लक्षात आले. मग त्यांनी त्याला धीर द्यायला आणि नेमके प्रश्न विचारायला सुरुवात केली. ती मुले कुमारवयाच्या उंबरठ्यावर होती, पण ही पद्धत पुढे मोठ्या वर्गांतही वापरली गेली. मला या प्रयोगात सर्वांत मोलाचे वाटते ते प्रश्न विचारणे.

कारण ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ’ हा आपला सर्वांत लाडका उपदेश वाटतो तितका भरवशाचा नाही. डॅनियल बॅटसन यांच्या 1997 मधील प्रयोगात, ‘त्याला कसे वाटत असेल’ अशी कल्पना करणाऱ्यांच्या मनात मुख्यतः कळकळ जागी झाली, तर ‘मी तेथे असतो तर’ अशी कल्पना करणाऱ्यांना कळकळीबरोबर स्वतःचा त्रासही जाणवला, आणि स्वतःचा त्रास असह्य झाला की माणूस तोंड फिरवतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये पंचवीस प्रयोग मांडले. त्यांत दुसऱ्याच्या भूमिकेत जाऊन विचार केल्याने त्याचे मन अधिक अचूक ओळखता येते असे दिसले नाही, उलट एकंदर अचूकता थोडी घटलीच. अचूकता वाढली ती समोरच्याशी प्रत्यक्ष बोलून त्याचे म्हणणे विचारल्यावर. हे प्रयोग प्रौढांवरचे आहेत. पण ज्या वयात स्वतःची नजर बाजूला ठेवणे आधीच कठीण जाते, त्या वयात केवळ कल्पनेवर विसंबणे अधिकच अपुरे ठरणार, असे मला वाटते.

अडचण अशी, की विचारायला एकांत लागतो आणि कुमारवयात एकांत फार थोडा मिळतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळातून दाखवले, की सोबत मित्र बघत असले की 13 ते 16 वर्षांची मुले एकटी असतानाच्या तुलनेत कितीतरी अधिक धोका पत्करतात, प्रौढांमध्ये मात्र तसा फरक पडत नाही. मागच्या बाकावर हसू फुटते तेव्हा शेजारी तीन-चार जण बघत असतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यात तोच मुलगा त्या मुलीला एकटी गाठतो, थोडा घुटमळतो आणि खालच्या आवाजात विचारतो, ‘काल काय झालं होतं?’