नव्या फ्लॅटचा ताबा: आधी पाहणी, मग सही

महाराष्ट्रात बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटचा ताबा भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला) मिळाल्यावरच घ्यायचा. 'इंटिरियरसाठी चावी घेऊन ठेवा' म्हणून ओसीआधीच दिली जाणारी चावी हा कायदेशीर ताबा नव्हे. रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) कलम 19(10) नुसार ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घेणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, त्यामुळे पाहणीची तारीख लगेच लेखी मागा.

ताबा नोंदणीकृत करारात नावं असलेल्यांनाच मिळतो. सहखरेदीदार येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं. सोबत करार, इंडेक्स 2 (करार नोंदल्याचा निबंधक कार्यालयाचा उतारा), पैसे भरल्याच्या पावत्या, पॅन, आधार आणि किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस (खरेदीदाराने किमतीतून कापून भरायचा कर) भरल्याचा पुरावा ठेवा. बिल्डरकडून ओसीची प्रत घ्या आणि ती महारेराच्या (राज्याचं रेरा प्राधिकरण) संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या नोंदीशी ताडून बघा.

पाहणी दिवसाउजेडी करा. टेप, नाणं, बादली न्या. नाण्याने टाइल्स ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही, ती टाइल पुढे उखडणार. सर्वांत महत्त्वाचं बाथरूम: नाहणीचं तोंड बंद करून 24 तास पाणी साठवा आणि खालच्या मजल्याचं छत तपासा. मग तोंड उघडा. कोपऱ्यात पाणी थांबलं तर उतार चुकलाय. स्लायडिंग खिडकीच्या पट्टीत पाणी ओता, ते बाहेर जायला हवं. आत आलं तर पावसाळ्यात भिंत ओली होणार. आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबा, वीज तुटलीच पाहिजे. चटई क्षेत्रात (कार्पेट एरिया) आतल्या भिंती धरतात. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती नाहीत. मोजमापात हे क्षेत्र करारापेक्षा कमी निघालं तर रेरा नियमांतल्या नमुना करारानुसार जादा भरलेले पैसे व्याजासह परत मागता येतात.

दोष खोलीनिहाय, फोटोसह लिहा. दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर पोच घ्या. ताबापत्रात बहुधा 'कामाबाबत कोणतीही तक्रार नाही' असं छापलेलं असतं. ते खोडून 'सोबतच्या यादीतील दोष वगळून' असं लिहा. घाईत सगळे हेच विसरतात.

ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवल्यास बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करायची असते, हे कलम 14(3). मात्र परवानगीशिवाय बाथरूम किंवा नळजोडणीत फेरफार केलेत तर हा हक्क नमुना करारातल्या अटीमुळे जातो. म्हणून गळतीची चाचणी इंटिरियरच्या आधीच उरका. दाद मिळाली नाही तर कलम 31 खाली महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते.