लॉकडाऊनचं 'वेळापत्रक' जागतिक आरोग्य संघटनेचं नव्हतंच

सोलापुरात लॉकडाऊनचा विषय निघाला की कुणीतरी आजही ठासून सांगतं, 'ते सगळं जागतिक आरोग्य संघटनेनं आधीच ठरवलं होतं. १ दिवस, मग २१, मग २८, मग १५. मधे ५-५ दिवसांची सूट.' २०२०च्या एप्रिलमध्ये हा मेसेज घराघरात फिरला होता.

तो खोटा होता. लॉकडाऊनसाठी आपला असा कोणताही आराखडा नाही, असं संघटनेनं तेव्हाच जाहीर केलं होतं. तारखाही जुळत नाहीत. मेसेजप्रमाणे १५ ते १९ एप्रिल सूट मिळायला हवी होती. प्रत्यक्षात १४ एप्रिलला संपणारा लॉकडाऊन खंड न पडता ३ मेपर्यंत वाढला, पुढे १७ मे आणि ३१ मेपर्यंत.

देशभरातला आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली निघाला. राज्यानं १८९७चा साथरोग कायदाही वापरला. प्लेगच्या काळातला हा कायदा, म्हणजे तोही २०२०मध्ये कुणी नव्यानं रचलेला नव्हे. त्या जुलैत सोलापूर शहर पुन्हा बंद झालं, तो निर्णयही इथल्या प्रशासनाचाच.

हे मला महत्त्वाचं वाटतं. हजार विड्या वळल्या तरच मजुरी मिळणारी पूर्व भागातली बाई आणि यंत्रमाग कामगार यांची तक्रार खरी होती, संसर्गाची भीतीही खरी होती. पण जाब विचारायचा तर तो मुंबई, दिल्ली आणि सोलापुरात आदेशावर सही करणाऱ्यांना. जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेला नव्हे.