उपग्रह छायाचित्रांवरून भूवैज्ञानिक नकाशे (बेळगाव सीमाभाग)

अवकाशातून टिपलेल्या प्रतिमांतील रंग, पोत, उंचसखलपणा आणि ओढ्यानाल्यांची ठेवण वाचून खडकांच्या सीमा आखण्याची पद्धत. तिच्यासाठी बेळगाव जिल्हा उत्तम पाठशाळा आहे: निपाणी-चिकोडीकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा खडक), गोकाक-सौंदत्तीकडे त्याहून कितीतरी जुना कलादगी खडकसमूहातला वालुकाश्म (वाळू घट्ट होऊन बनलेला खडक), खानापूर-जांबोटीच्या माथ्यांवर जांभा (लोहयुक्त तांबडा दगड).

भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा मुलखाचे भूवर्णन १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. ते पायाखालच्या जमिनीवरून लिहिलेले होते. वरून पाहण्याची सोय अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाने १९७२ मध्ये, तर भारताच्या आयआरएस-१ए उपग्रहाने १९८८ मध्ये दिली.

बेसाल्टचे डोंगर सपाट माथ्याचे व पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कलादगी वालुकाश्म मात्र लांबट, ताठ कडांच्या रांगा करून उभा राहतो. नवीलतीर्थाजवळ मलप्रभेने अशी रांग कापून काढलेली खिंड आणि गोकाकला घटप्रभेची उडी, दोन्ही प्रतिमेत सहज सापडतात.

खरी अडचण खडकावरच्या पांघरुणाची आहे. मिथ्यावर्णी प्रतिमेत (जिच्यात डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवतात) हिरवा झाडोरा लाल उमटतो; उसाच्या पट्ट्यात सारे लालच दिसते आणि काळ्या मातीखालचा कातळ रंगावरून ओळखता येत नाही. तेथे भूरूपावरच विसंबावे लागते. मोकळे रान पाहायचे तर मार्च-एप्रिलची प्रतिमा घ्यावी. भेगांच्या रेषा हव्या असतील तर डिसेंबर-जानेवारीची, कारण कलत्या सूर्याच्या सावल्या बारीक उठाव दाखवतात. पावसाळ्यातली प्रतिमा ढगांमुळे बहुधा निरुपयोगी. जांभ्याला रंगही साथ देतो: त्यातील लोहखनिजे ०.९ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास आणि चिकणमातीची खनिजे २.२ मायक्रोमीटरला अवरक्त प्रकाश शोषतात. खानापूरच्या दाट जंगलात मात्र हा आधार तुटतो.

सीमाभागात या नकाशांचे मोठे मोल पाण्यासाठी आहे. बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगा, सांधे व झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे विहीर वा बोअरची जागा शोधताना भेगांच्या रेषा एकमेकींना छेदतात ती ठिकाणे आधी तपासावीत. पण सरळ दिसणारी प्रत्येक रेषा भेग नसते. कालवा, जुनी गाडीवाट, वनखात्याची हद्दही तशीच दिसते. म्हणून प्रतिमेवर आखलेली सीमा ओढ्याच्या काठावर, खाणीत, विहिरीच्या भिंतीत खडक हातोडीने फोडून पाहिल्याशिवाय नकाशावर पक्की करू नये.