कॅनडाच्या सीमेवर बंदूक नसते?

‘कॅनडा-अमेरिका सीमेवर शस्त्र नावालाही नाही, हीच कॅनडाची ओळख’ हा मजकूर अजूनही फिरतो. कॅनडाच्या बाजूच्या तपासणी नाक्यांपुरतं ते एकेकाळी खरं होतं. पण जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतून सशस्त्र संशयित येताहेत अशी खबर आली आणि ब्रिटिश कोलंबियात, शांततेची पांढरी कमान उभी आहे त्याच नाक्यावरचे निःशस्त्र अधिकारी चक्क काम सोडून गेले. त्यांचं काय चुकलं? त्याच वर्षी कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारनं पिस्तुलं द्यायचं ठरवलं. २००७ पासून ती कमरेला लागली. नाक्यांमधल्या मोकळ्या सीमेवरचे आरसीएमपीचे, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाचे, पोलीस तर आधीपासूनच सशस्त्र. ओळख पुसली म्हणावं, तर सीमेवरच्या सरोवरांतल्या युद्धनौकांवर मर्यादा घालणारा १८१७ चा करार आजही लागू आहे.