वेलिंग्टन वर नाही, खाली आहे

लंडनला जाऊन आलेलं कुणी ना कुणी दरवर्षी तोच फोटो पाठवतं. सेंट पॉल्स कॅथेड्रलचा आतला भाग, संगमरवरी खांब, माथ्यावर घोड्यावर बसलेला ड्यूक आणि खाली ओळ: 'असईच्या लढाईत शिंद्यांना हरवणाऱ्या वेलिंग्टनची समाधी'. असईपर्यंत ठीक आहे. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं गाव, तेव्हाचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हे शाळेपासून पाठ आहे. त्यात शिरत नाही. घोळ आहे तो शेवटच्या शब्दात.

त्या फोटोत वेलिंग्टनचं स्मारक आहे. त्याचं थडगं जिना उतरून खाली, तळघरात आहे. दोन्ही एकाच माणसाची, एकाच छपराखालची, पण एकाचा दुसऱ्याशी तेवढाच संबंध.

आपला गोंधळ का होतो ते कळतं. आपल्याकडे समाधी किंवा छत्री बांधतात ती बहुधा दहनाच्या जागेवरच. वानवडीला महादजींना अग्नी दिला, शिंद्यांची छत्री तिथेच उभी राहिली. त्यामुळे वास्तू दिसली की माणूस तिथेच, असं डोळ्याला वळण पडलेलं असतं. इंग्रजांच्या मोठ्या चर्चमध्ये ही दोन कामं सर्रास वेगळी होतात. देह जातो फरशीखाली नाहीतर तळघरात. संगमरवर उभा राहतो उजेडात, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाटेवर. मधे वर्षं किती जातील याचा नेम नाही. वेलिंग्टनची अंत्ययात्रा निघाली १८ नोव्हेंबर १८५२ रोजी. वरचं स्मारक पुरतं झालं १९१२ साली. साठ वर्षं!

त्यात या स्मारकाने फसवायची पुरी तयारी ठेवली आहे. खांबांच्या मधोमध एक पेटी, तिच्यावर ब्राँझमधला वेलिंग्टन उताणा पहुडलेला. पेटीवर माणूस निजलेला दिसला की पेटीत माणूस असणार, असं कुणालाही वाटेल. पेटी रिकामी आहे. उलट खाली, जिथे तो खरोखर आहे, तिथे ना पुतळा ना चेहरा. कॉर्नवॉलच्या लक्झुलियन गावचा तांबूस-काळा, ठिपक्याठिपक्यांचा ग्रॅनाइट, त्याची जड पेटी, चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर झोपलेले सिंह, आणि नाव. लोक तिच्याजवळून पुढे सरकतात आणि 'समाधी पाहिली' म्हणत वरचा फोटो पाठवतात. आरमाराच्या नेल्सनचंही तेच: देह तळघरात, फ्लॅक्समनने घडवलेला पुतळा वर.

आपल्यातलंच जवळचं काही हवं असेल तर वीरगळ घ्या. वेशीवरच्या वीरगळीखाली कुणी हाडं शोधत नाही. वरचं काम त्या जातीचं आहे. आणि एक विनंती: पुरलेल्या माणसाला 'समाधी' लावणं सोडा. थडगं हा चांगला शब्द आहे, त्यात अपमान काही नाही.

वरचं स्मारक घडवणारा आल्फ्रेड स्टीव्हन्स. (त्याच नावाचा, पॅरिसमध्ये राहून नटलेल्या बायका रंगवणारा बेल्जियन चित्रकार वेगळा, नेटवर दोघांची चित्रं सरमिसळ फिरतात, एवढं सांगून पुढे जातो.) हा १८१७ साली डॉर्सेटमधल्या ब्लँडफर्डला जन्मला, बाप घरं रंगवणारा. गावच्या पाद्र्याने पैसे उभे करून पोराला इटलीला धाडलं. तिथे तो नऊ वर्षं राहिला, रोममध्ये थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराच्या हाताखाली काम केलं. परत आल्यावर शेफील्डच्या कारखान्यासाठी शेगड्यांचे नमुनेसुद्धा काढले. वेलिंग्टन स्मारकाच्या १८५७ च्या स्पर्धेत पहिलं बक्षीस विल्यम कॅल्डर मार्शलला मिळालं, काम मात्र शेवटी स्टीव्हन्सकडे आलं. ते त्याला पुरून उरलं. पैसे अपुरे, सरकारी तगादा, आणि चर्चमध्ये घोडा नको असा डीन, म्हणजे कॅथेड्रलचे प्रमुख पाद्री, मिलमन यांचा हट्ट. १ मे १८७५ ला, म्हणजे वेलिंग्टनच्याच जन्मतारखेला, तो गेला, काम अर्धवट. शिष्य ह्यू स्टॅनसने ते मार्गी लावलं, तर चर्चने ते बाजूच्या एका चिंचोळ्या दालनात कोंबलं. १८९० च्या दशकात ते आजच्या जागी, मुख्य दालनाच्या कमानीखाली आलं. घोडा जॉन ट्वीडने स्टीव्हन्सच्या नमुन्यावरून पुरा करून १९१२ साली वर चढवला.

तो घोडाच सगळे टिपतात, आणि मला तोच सर्वांत कमी आवडतो. घोडेस्वार ड्यूक पाहायचा तर हाइड पार्क कॉर्नरला बोहमने घडवलेला उघड्यावर उभा आहे. इथे मान थोडी खाली करा आणि दोन्ही टोकांचे ब्राँझचे जोडपुतळे पाहा. एकीकडे सत्य ही बाई असत्याची जीभ ओढून काढते आहे. दुसरीकडे शौर्य, तीही बाईच, भ्याडपणाला खाली दाबून बसली आहे. त्या दोघींच्या खांद्यांचं वजन बघितलं की स्टीव्हन्स मायकेलअँजेलो पाहून आलाय हे सांगावं लागत नाही.

मग जिना उतरा. खालच्या थडग्याचा फोटो पाठवलात तर 'समाधी' लिहिलेलंही एक वेळ चालवून घेईन.