अमेरिकेतला चायनीज बफे एवढा स्वस्त कसा, आणि तो आला कुठून

अमेरिकेत जरा बऱ्या आकाराचं कुठलंही गाव घ्या, हायवेलगतच्या एखाद्या स्ट्रिप मॉलमध्ये चायनीज बफे सापडतोच. शेजारी डॉलर स्टोअर, नावात ड्रॅगन नाहीतर गोल्डन काहीतरी, दारावर लंच आणि डिनरचे वेगवेगळे रेट, पोरांचे वयाप्रमाणे अजून वेगळे. आत वीस-पंचवीस वर्षांत काहीही बदललेलं नसतं. राशींची चित्रं छापलेले कागदी मॅट, फिश टँक, गल्ल्यावर तीच बाई. नवीन आलेले स्टुडंट, रिटायर्ड जोडपी, रविवारी चर्चमधून थेट आलेली मोठमोठी कुटुंबं, सगळे एकाच रांगेत. बाकी कुठे एका डिशला जेवढे पैसे पडतात त्यात इथे माणूस चार प्लेट उठवतो. मग प्रश्न पडतो की यांना हे परवडतं कसं? त्याचं उत्तर किचनमध्ये अर्धंच मिळतं, उरलेलं अर्धं अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यांत आहे.

सुरुवात पार 1849 पासून करावी लागते. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सॅन फ्रान्सिस्कोत जगभरचे पुरुष येऊन पडले आणि त्यांना शिजवून घालणारं कोणी नाही. दक्षिण चीनमधल्या कँटनकडून आलेल्या चिनी लोकांनी खानावळी काढल्या, बाहेर पिवळे तिकोनी झेंडे लावलेल्या. त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की शहरातलं चांगलं आणि स्वस्त जेवण या झेंड्याखालीच मिळतं, डोई एक डॉलर. म्हणजे ठरलेल्या पैशात पोटभर ही चिनी खानावळीची ओळख बफेच्या शंभर वर्षं आधीपासूनची आहे. आणि गंमत बघा, तेव्हाही गिऱ्हाईक गोरंच होतं आणि जेवणात त्याच्या आवडीचेही पदार्थ असायचे.

मग वारं फिरलं. खाणी आटल्या, रेल्वेचं काम संपलं, आणि "चिनी आमच्या नोकऱ्या खातात" अशी ओरड सुरू झाली. 1882 मध्ये चायनीज एक्सक्लूजन अ‍ॅक्ट आला, चिनी मजुरांना देशात यायला बंदी. आधी दहा वर्षांसाठी, मग वाढवत वाढवत 1902 मध्ये कायमची. जे आत होते त्यांना नागरिकत्व नाही, बहुतेक धंद्यांतून हुसकावलेले, मग उरलं काय तर लॉन्ड्री आणि खानावळ. धुणं आणि रांधणं ही बायकांची कामं समजली जायची त्यामुळे गोऱ्या कामगारांना त्यात स्पर्धा वाटत नव्हती.

या कायद्यात एक फट होती. मजूर नको, पण व्यापारी चालेल. व्यापाऱ्याला चीनला जाऊन परत येता यायचं, बायको-मुलांना आणता यायचं. 1915 मध्ये एका फेडरल कोर्टाच्या निकालाने रेस्टॉरंटचा मालकही या व्यापाऱ्यांत धरला गेला, आणि तिथून चिनी रेस्टॉरंटं धडाधड उघडायला लागली. अटी मात्र कडक होत्या: हॉटेल चांगल्या दर्जाचं पाहिजे, त्यात आपले बऱ्यापैकी पैसे पाहिजेत, निदान वर्षभर मॅनेजर म्हणून काम केलेलं पाहिजे आणि त्या काळात भांडी घासणं, वाढणं असलं काही करायचं नाही. यावर लोकांनी काढलेला तोडगा असा की भाऊबंद आणि गाववाले मिळून पैसे घालायचे, हॉटेल सगळ्यांचं, आणि मॅनेजरची खुर्ची पाळीपाळीने फिरवायची. यंदा काका मॅनेजर, त्याचे कागद झाले की पुढचा. अमेरिकेत एवढी चिनी हॉटेलं का, याचं उत्तर देताना लोक सहसा चवीवर बोलतात. मला तरी ही खुर्चीची गोष्ट जास्त पटते. आज अमेरिकेत चाळीस हजारांच्या आसपास चिनी रेस्टॉरंटं आहेत असं सांगितलं जातं, मॅकडॉनल्ड्सच्या दुकानांपेक्षा कितीतरी जास्त.

आता बफेचा फॉर्मॅट. तो चिनी नाहीच. 1939 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये स्वीडनच्या पॅव्हेलियनमधल्या थ्री क्राउन्स रेस्टॉरंटने फिरत्या टेबलावर पदार्थ मांडून ठेवले होते, घ्या हवं ते, आणि अमेरिकन लोक वेडे झाले. पुढे लास वेगासच्या एल रँचो हॉटेलने चाळीसच्या दशकात रात्रीचा बफे काढला, एक डॉलरमध्ये हवं तेवढं खा. हेतू अर्थातच दानधर्म नव्हता, जुगारी भूक लागली म्हणून उठून दुसरीकडे जाऊ नये एवढाच. खाण्यात तोटा, पत्त्यांत वसूल. चिनी बफेवाल्याकडे मात्र पत्त्यांचं टेबल नाही, त्याला खाण्यातूनच पैसे काढायचेत, हे लक्षात ठेवा.

चिनी जेवण आणि बफे यांची गाठ घालून देण्याचं श्रेय बहुतेक जण जॉइस चेन या बाईंना देतात. या 1949 मध्ये शांघायहून नवरा-मुलांसकट मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आल्या. मुलांच्या शाळेच्या फेअरमध्ये त्यांनी केलेले एगरोल हातोहात संपले, आणि 1958 मध्ये त्यांनी रेस्टॉरंट उघडलं. हार्वर्ड आणि एमआयटीची माणसं यायची. अडचण अशी की या लोकांना चायनीज म्हणजे चॉप सुई एवढंच माहीत, आणि मेन्यूत उत्तर चीनचे, शांघायचे पदार्थ. नाव उच्चारता येत नाही म्हणून माणूस मागवतच नाही. यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. मेन्यूवर पदार्थांना नंबर दिले, नुसतं "बारा नंबर द्या" म्हटलं की झालं. आणि मंगळवार-बुधवार हे मंदीचे दिवस, त्या संध्याकाळी ठराविक पैशात हवं तेवढं खायचा बफे सुरू केला, म्हणजे न आवडलेल्या पदार्थाचे पैसे वाया गेले असं कोणाला वाटणार नाही आणि एक चमचा घेऊन बघायला काय जातंय म्हणत लोक नवीन काहीतरी चाखतील. पुढे त्या टीव्हीवरही आल्या, 2014 मध्ये अमेरिकन पोस्टाने त्यांचं तिकीटसुद्धा काढलं.

आत्ताचा बफे बघितला की हा हेतू आठवून हसू येतं. अनोळखी पदार्थाची भीती घालवायला काढलेली गोष्ट, आणि आज तिथे अनोळखी एकही पदार्थ नसतो. जनरल त्सो चिकन घ्या, एका चिनी सेनापतीच्या नावाचं तळलेलं चिकन. हुनान प्रांतातले शेफ पेंग चांग-क्वेई यांनी पन्नाशीच्या दशकात तैवानमध्ये ते पहिल्यांदा केलं, तेव्हा ते अजिबात गोड नव्हतं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आल्यावर त्यात साखर पडली आणि पडतच राहिली. जनरल बिचारा 1885 मध्येच वारलेला, त्याला याचा पत्ताही नाही. क्रॅब रँगून तर क्रीम चीज भरून तळलेलं, ते कॅलिफोर्नियाच्या ट्रेडर विक्स या हॉटेलचं. शेवटी हातात मिळणारी फॉर्च्यून कुकीसुद्धा कॅलिफोर्नियातल्या जपानी लोकांनी आणलेली. दुसऱ्या महायुद्धात त्यांना छावण्यांत डांबलं आणि धंदा चिनी बेकरीवाल्यांकडे गेला.

मधल्या काळात कायदे सैल झाले होते. 1943 मध्ये बंदी उठली पण कोटा किती, तर वर्षाला 105 माणसं! खरा फरक पडला 1965 च्या कायद्याने, देशनिहाय जुने कोटे गेले. 1972 मध्ये निक्सन चीनला जाऊन आले, मेजवानीचे फोटो घरोघरी टीव्हीवर दिसले आणि चायनीज खाण्याची लाटच आली.

पण गावोगावचा जो बफे आपण बघतो तो मुख्यतः ऐंशी-नव्वदच्या दशकातला, आणि त्यामागे फुजियान प्रांतातले, त्यातही फूचौ शहराच्या आसपासच्या गावांतले लोक आहेत. यातले कित्येक दलालांना तीस हजार डॉलरच्या घरात पैसे कबूल करून चोरवाटेने आले. 6 जून 1993 ला गोल्डन व्हेंचर नावाचं जहाज न्यूयॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्याजवळ रुतलं, त्यावर 286 माणसं होती, दहा जण पाण्यात उड्या मारून किनारा गाठताना गेले. वाचलेल्यांपैकी काही जण पुढे जवळजवळ चार वर्षं डिटेन्शनमध्ये होते. तेव्हा कुठे बाकीच्या अमेरिकेला कळलं की हे चाललंय.

डोक्यावर एवढं कर्ज घेऊन आलेला माणूस मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये, ईस्ट ब्रॉडवेच्या एखाद्या एजन्सीत जायचा. काउंटरच्या मागे भिंतभर चिठ्ठ्या. चिठ्ठीवर काम काय, पगार किती, बसने किती तास, आणि गावाच्या नावाऐवजी टेलिफोनचा एरिया कोड. इंग्रजी येत नाही, गावाचं नाव कळून उपयोग काय, तीन आकडे कळले की बास. कमिशन भरलं, चायनाटाउनची बस धरली, दुसऱ्या दिवशी ओहायो नाहीतर टेनेसीमधल्या किचनमध्ये उभा. राहायला मालकाने भाड्याने घेतलेलं घर, एका खोलीत तिघं-चौघं, ने-आण व्हॅनने, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे बारा तास. काही वर्षांत कर्ज फिटलं की नातेवाइकांकडून उसने घेऊन स्वतःचं हॉटेल, आणि ते अशा गावात जिथे अजून चायनीज नाही. म्हणून तर हे बफे गावोगाव पसरले. बंद पडलेल्या मोठ्या दुकानांची जागा कमी भाड्यात मिळायची, दोन-तीनशे माणसं बसतील अशी.

आता परवडण्याचं गणित. ऑर्डर घ्यायला वेटर नाही, फक्त प्लेट उचलणारे आणि पाणी देणारे दोघं-तिघं. एकदम मोठ्या घाण्यात शिजवायचं, त्यामुळे कुक कमी. रांगेच्या सुरुवातीला फ्राइड राइस, लो मेन नूडल्स, तळलेलं चिकन, म्हणजे महागाच्या ट्रेपर्यंत पोचेस्तोवर प्लेट भरलेली. खेकड्याचे पाय फक्त रात्री आणि तेही छोट्या ट्रेमध्ये. किचनचं दार ढकलून तो ट्रे बाहेर आला की कोणी काही न बोलता सहा टेबलांवरची माणसं उठतात, तीन मिनिटांत ट्रेमध्ये नुसतं पाणी. मालक काय लगेच दुसरा आणत नाही. बाकी नियम सरकारी: गरम पदार्थ 135 डिग्री फॅरेनहाइटच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, परत घ्यायला जाताना स्वच्छ प्लेट घ्यायची. ती पाटी असते प्रत्येक ठिकाणी, वाचत कोणी नाही.

आणि या हिशोबात एक आकडा कधीच धरलेला नसतो, तो म्हणजे घरच्यांची मजुरी. नवरा वॉकवर म्हणजे चिनी कढईवर, बायको गल्ल्यावर, आजी मागच्या टेबलावर शेंगा निवडतेय, पोरं कोपऱ्यातल्या बूथमध्ये होमवर्क करता करता मधेच फोन घेतायत. यांना कोणी तासावर पगार लावला तर दारावरचा रेट तिथेच दीडपट होईल.

ती पोरं शिकली. कोणी फार्मसीत, कोणी सॉफ्टवेअरमध्ये, आणि वॉकपाशी उभं राहायला त्यातलं कोणी परत आलं नाही, आईबापांनाही ते नकोच होतं, त्यासाठीच तर एवढं केलं. त्यात 2020 चा कोविड. सेल्फ-सर्व्हिस बंद ठेवा असं एफडीएनेच, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानेच सांगितलं, आणि बफेमधून सेल्फ-सर्व्हिस काढली की उरतं काय. सूपलँटेशनसारखी मोठी सॅलड बफेची चेन त्या मे महिन्यातच कायमची बंद झाली. चायनीज बफेंपैकी काहींनी डबे भरून वजनावर विकले, काही टेकअवेवर तरले, बरेच गेले. जे राहिले त्यांचे रेट वाढलेत, खेकडा कित्येक ठिकाणी गायब किंवा वेगळ्या पैशात. मोठ्या शहरांत अनलिमिटेड सुशी, कोरियन बार्बेक्यू आणि हॉट पॉट यांनी ती जागा घेतलीय, पैसे जवळजवळ दुप्पट आणि वेळ दीड-दोन तासांची बांधलेली. जुन्या बफेत दोन वाजता येऊन चारपर्यंत चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यांना अजूनही कोणी उठवत नाही, आणि चार वाजता डिनरचा रेट लागायच्या आत बिल करून टाकायचं हेही त्यांना बरोबर माहीत असतं.