अचिमोटा: एका शाळेतून फुटलेल्या संस्था

घानाची राजधानी अक्रा. तिच्या उत्तरेला, मूळ शहरापासून साधारण आठ मैलांवर अचिमोटा शाळा आहे. आज ती सरकारी सीनियर हायस्कूल आहे, म्हणजे आपल्याकडच्या दहावी ते बारावीच्या जवळपासची तीन वर्षं. पण १९२७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बालवर्ग, प्राथमिक, माध्यमिक, शिक्षक-प्रशिक्षण आणि पुढे विद्यापीठाच्या पातळीचे वर्ग असं सगळं एकाच आवारात बसवायचं ठरलं होतं. पुढच्या तीस वर्षांत यातला एकेक विभाग बाहेर पडला आणि त्याची स्वतंत्र संस्था झाली. म्हणून अचिमोटाचा वारसा मोजताना नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीवर थांबणं अपुरं आहे.

त्या वेळी हा प्रदेश गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होता. १९१९ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेले गॉर्डन गगिसबर्ग हे कॅनडात जन्मलेले लष्करी अभियंते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी याच भागाचं सर्वेक्षण केलं होतं, त्यामुळे मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. त्यांनी दहा वर्षांची विकास योजना आखली. रेल्वे, रस्ते, ताकोरादीचं खोल पाण्याचं बंदर, कोर्ले बू रुग्णालय ही तिची ठळक कामं. ही कामं चालवायला माणसं हवी होती. युरोपीय अधिकारी महाग पडत: मोठा पगार, लांब रजा, जहाजाचं भाडं आणि वर आजारपण. त्यांच्या जागी आफ्रिकी अधिकारी आणायचे, तर आधी चांगलं माध्यमिक शिक्षण लागणार. वसाहतीतल्या जुन्या माध्यमिक शाळा मिशनऱ्यांच्या होत्या आणि केप कोस्टला होत्या: १८७६ ची म्फान्त्सिपिम, १९१० ची अदिसादेल. सरकारची स्वतःची एकही नव्हती.

पैसा कोकोचा होता. गोल्ड कोस्ट तेव्हा जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक होता आणि निर्यातीवरच्या करातून तिजोरी भरत असे. १९२० नंतर कोकोचा भाव कोसळला, तरी गगिसबर्ग मागे हटले नाहीत. २४ मार्च १९२४ ला पायाभरणी झाली आणि २८ जानेवारी १९२७ ला औपचारिक उद्घाटन. खर्च सहा लाख पौंडांच्या वर गेला. १९२५ मध्ये ब्रिटिश युवराज दौऱ्यावर येऊन गेले होते, त्यांच्यावरून अधिकृत नाव पडलं ‘प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज अँड स्कूल’. लोक मात्र पहिल्यापासून अचिमोटाच म्हणत आले.

शाळेवर दोन बाजूंनी शंका घेतली गेली. एका शाळेवर एवढी रक्कम कशासाठी, हा पहिला प्रश्न. दुसरा आक्षेप किनाऱ्यावरच्या सुशिक्षित आफ्रिकी घरांचा होता आणि तो अधिक खोल होता. ‘आफ्रिकी परिस्थितीला साजेसं शिक्षण’ ही त्या दशकातली लाडकी भाषा होती. १९२० मध्ये पाहणीसाठी आलेल्या अमेरिकेच्या फेल्प्स-स्टोक्स आयोगानेही तीच वापरली होती. ज्या घरांतली मुलं लंडनला बॅरिस्टर होऊन येत, त्यांना त्यात दुय्यम शिक्षणाचा वास आला. आपल्या मुलांच्या हाती लॅटिन आणि गणिताऐवजी फावडं आणि सुताराची हत्यारं देतील, ही त्यांची भीती. ती निराधार म्हणता येत नाही. आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागांत याच भाषेच्या आडून काळ्या मुलांना वरच्या शिक्षणापासून दूर ठेवलं जात होतं.

ही भीती बऱ्याच अंशी कमी झाली ती एका माणसामुळे. जेम्स क्वेग्यिर ॲग्री यांचा जन्म १८७५ मध्ये ॲनोमाबूचा. १८९८ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या लिव्हिंग्स्टन कॉलेजात शिकून तिथेच शिकवू लागले. फेल्प्स-स्टोक्स आयोगावरचे ते एकमेव आफ्रिकी सदस्य. मुख्याध्यापकपदासाठी गगिसबर्ग यांनी निवडले ॲलेक गार्डन फ्रेझर, आणि ॲग्री युरोपीय शिक्षकांच्या बरोबरीच्या पदावर हवेत असा फ्रेझर यांचा आग्रह होता. ॲग्री सहायक उपप्राचार्य झाले. पियानोच्या फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा फक्त काळ्या पट्ट्यांवर एखादी धून वाजेल, पण सुरांचा मेळ हवा तर दोन्ही लागतात, असं ते सांगत. शाळेच्या बोधचिन्हावर म्हणूनच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत. उद्घाटनानंतर काही महिन्यांतच, ३० जुलै १९२७ ला, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. शाळेची घडी बसताना ॲग्री तिथे नव्हते, हे अचिमोटाचं मोठं नुकसान.

फ्रेझर यांच्यामागे आशियाचा अनुभव होता. १९०४ ते १९२४ या काळात ते श्रीलंकेतल्या कँडीच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राचार्य होते. तिथे त्यांनी इंग्रजी वळणाच्या शाळेत सिंहली आणि तमिळला मानाची जागा दिली होती. मधल्या काळात, १९१९-२० मध्ये, भारतातल्या खेड्यांमधल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या मिशनरी आयोगाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. मातृभाषेतून सुरुवात आणि हाताने काम ही दोन्ही सूत्रं ते कँडीहून अक्राला घेऊन आले.

प्रत्यक्षात ती कशी राबली हे पाहण्यासारखं आहे. खालच्या वर्गांत मातृभाषा आणि वर जाता जाता इंग्रजी अशी रचना ठरली. पण मुलं सगळ्या वसाहतीतून येणार: कुणाची भाषा ट्वी, कुणाची फान्ते, कुणाची गा, कुणाची एवे. मातृभाषेचा वर्ग म्हणजे प्रत्येक इयत्तेत चार तुकड्या, चार शिक्षक आणि चार संच पुस्तकं. वर शेवटी परीक्षा केंब्रिजची. पालक आणि सरकारी नोकरी दोन्हीकडून तिचंच प्रमाणपत्र मागितलं जाणार, म्हणून वरच्या वर्गांत इंग्रजीची पकड सुटणं शक्य नव्हतं. ढोलवादन आणि आपापल्या भागातले नाच मात्र शाळेच्या जीवनात शिरले. मिशन शाळांतून ढोलाला ‘धर्मबाह्य’ म्हणून हद्दपार केलं जात होतं त्या काळात हे धाडसाचं होतं.

इफ्राइम आमू यांच्या उदाहरणावरून तो फरक कळतो. आक्रोपोंगच्या प्रेस्बिटेरियन प्रशिक्षण महाविद्यालयात ते संगीत शिकवत. आफ्रिकी वस्त्र नेसून प्रार्थनामंदिरात प्रवचन दिलं आणि आफ्रिकी वाद्यांचा पुरस्कार केला म्हणून १९३३ मध्ये त्यांना तिथून जावं लागलं. पुढच्याच वर्षी अचिमोटाने त्यांना घेतलं. मधली काही वर्षं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकून ते परत अचिमोटालाच आले. घानाच्या लिखित कलासंगीताचा पाया घालणारे म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं.

मुलामुलींचं एकत्र निवासी शिक्षण हा दुसरा धाडसी निर्णय, आणि त्यामागे ॲग्री यांचा जोर होता. या निर्णयाचं फळ दिसायला वीसेक वर्षं लागली. गोल्ड कोस्टच्या पहिल्या महिला डॉक्टर सुझन ओफोरी-आता यांनी १९४७ मध्ये एडिंबरातून पदवी घेतली. त्या अचिमोटाच्या. घानाच्या पहिल्या महिला न्यायाधीश ॲनी जियागे यांनी शिक्षिकेचं प्रमाणपत्र इथूनच मिळवलं होतं.

हस्तकलेचा विभाग हा शाळेच्या इतिहासातला सर्वांत बोलका आणि कमी सांगितला जाणारा भाग. १९३७ मध्ये इंग्लिश कुंभार हॅरी डेव्हिस यांनी इथे भट्टी उभारली. १९४२ मध्ये त्यांच्या जागी मायकेल कार्ड्यू आले. युद्धामुळे जहाजं येईनात. कौलं, विटा, भांडी सगळं स्थानिक पातळीवर तयार करायची गरज निर्माण झाली, म्हणून जवळच्या अलाजो इथे कारखान्याच्या प्रमाणावर काम सुरू झालं. रबर पिकवणारा मलाया जपानच्या हाती पडल्यामुळे रबराची टंचाई होती. झाडाचा चीक गोळा करायच्या वाट्यांचीही मागणी आली. पण उच्च तापमानाची भाजणी म्हणजे मातीच्या मिश्रणापासून झिलईपर्यंत आणि भट्टीच्या उष्णतारोधक विटांपर्यंत प्रत्येक गोष्ट जागेवर शोधायची, चाचणी घ्यायची, फसली तर बदलायची. या कामाला वर्षं लागतात. इथे प्रयोग आणि मोठं उत्पादन एकाच वेळी करायला गेले, म्हणून भाजणीमागून भाजणी वाया गेली. १९४५ मध्ये अलाजो बंद पडलं. कौशल्य आधी लहान प्रमाणावर पक्कं करायला हवं होतं; योजनेच्या आराखड्यात त्यासाठी वेळच ठेवला नव्हता. युद्धाच्या त्याच वर्षांत शाळेच्या इमारतींचा काही भाग पश्चिम आफ्रिकेतल्या ब्रिटिश निवासी मंत्र्यांच्या कचेरीसाठी गेला होता.

युद्धानंतर शाळेचे भाग सुटे व्हायला लागले. पश्चिम आफ्रिकेत विद्यापीठं किती आणि कुठे, हे ठरवायला नेमलेल्या एलियट आयोगात फूट पडली. सगळ्या ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेला मिळून नायजेरियात इबादानला एकच विद्यापीठ पुरे, असं अल्पमताचं म्हणणं होतं आणि लंडनचा कल तिकडे होता. गोल्ड कोस्टने ते मानलं नाही. लोकमत उभं राहिलं आणि कोकोच्या पैशाचा आधार होता. १९४८ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ द गोल्ड कोस्ट सुरू झालं ते अचिमोटाच्याच आवारात. नंतर ते लेगॉनच्या टेकडीवर गेलं, तेच आजचं घाना विद्यापीठ. २२ जानेवारी १९५२ ला कुमासी तंत्रज्ञान महाविद्यालय उघडलं, तेव्हा त्याचे पहिले विद्यार्थी होते अचिमोटाहून हलवलेले २०० प्रशिक्षणार्थी शिक्षक. अभियांत्रिकी आणि कला विभागही तिकडेच गेले. ते आजचं क्वामे एन्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ. पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी सांभाळलेला शाळेचा वस्तुसंग्रह आधी विद्यापीठाकडे आणि मग १९५७ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेला. अचिमोटाकडे माध्यमिक शाळा उरली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॅनियल चॅपमन न्याहो हे तिचे पहिले आफ्रिकी मुख्याध्यापक झाले. त्याआधी ते अमेरिकेत घानाचे राजदूत होते.

इथे शिकून पुढे घानाचे राज्यकर्ते झालेल्यांची यादी सर्वत्र मिळते, म्हणून थोडक्यात: स्वतंत्र घानाचे पहिले नेते एन्क्रुमा, बुसिया, एडवर्ड अकुफो-अडो, रॉलिंग्स, अटा मिल्स, शिवाय गांबियाचे दाउदा जवारा. एन्क्रुमा खरं तर अक्राच्या सरकारी प्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाले होते. ते अचिमोटात विलीन झालं म्हणून १९३० मध्ये ते इथून बाहेर पडले. या यादीहून मोलाची वाटते ती दुसरी. घानाच्या ध्वजाची रचना करणाऱ्या थिओडोसिया ओको, राष्ट्रगीताची चाल बांधणारे फिलिप ग्बेहो, राजचिन्ह रेखाटणारे अमोन कोतेई, राष्ट्राध्यक्षांचं आसन घडवणारे कोफी अंतुबाम हे सगळे अचिमोटात शिकलेले. स्वतंत्र राष्ट्राची दृश्य आणि श्राव्य ओळख एका शाळेच्या कला आणि संगीत वर्गांतून आली.

शाळेच्या शेजारचं अचिमोटा जंगल १९३० मध्ये राखीव झालं, तेही शाळेच्या स्वयंपाकघरांना जळण मिळावं म्हणून. शहर चहूबाजूंनी वाढल्यावर तेच जंगल अक्राचा सर्वांत मोठा हिरवा पट्टा ठरलं. वसाहतकाळात घेतलेली जमीन मूळ मालक घराण्याला परत देण्याच्या मुद्द्यावरून, ३६१ एकरांचा भाग राखीव क्षेत्रातून वगळण्याच्या सरकारी आदेशावर २०२२ मध्ये मोठं वादळ उठलं.

आज प्रवेश राष्ट्रीय संगणकीय पद्धतीने होतो. ज्युनियर हायस्कूलच्या शेवटी होणाऱ्या बीईसीई परीक्षेचे गुण आणि विद्यार्थ्याने दिलेला शाळांचा पसंतीक्रम यांवरून जागा ठरते. अचिमोटा ‘अ’ वर्गात आहे. या वर्गातल्या शाळा किती निवडता येतील यावर मर्यादा असल्याने पहिली पसंती चुकली तर विद्यार्थी बराच खाली घसरतो. अशा शाळांतल्या ३० टक्के जागा सरकारी शाळांतून आलेल्या मुलांसाठी राखल्या जातात, कारण एरवी त्या महागड्या खासगी शाळांतल्या मुलांनीच भरल्या असत्या. २०१७ पासून शिक्षण मोफत झाल्याने या रांगेत आणखी भर पडली.

याच पद्धतीने २०२१ मध्ये जागा मिळालेल्या रास्ताफारी या जटा राखणाऱ्या धर्मपंथाच्या दोन मुलांना, जटा कापल्याशिवाय प्रवेश नाही, असं शाळेने सांगितलं. घानातल्या सरकारी शाळांत मुलामुलींचे केस आखूड ठेवण्याचा नियम जुना आहे. नियम सर्वांना सारखा, हा शाळेचा युक्तिवाद. जटा हा धर्माचरणाचा भाग आहे, हा मुलांचा. अक्राच्या उच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ ला मुलांच्या बाजूने निकाल दिला: धर्माच्या कारणावरून त्यांचा शिक्षणाचा हक्क हिरावता येणार नाही, त्यांना दाखल करून घ्या. ढोल आणि आफ्रिकी वस्त्राला दार उघडणाऱ्या शाळेला जटांसाठी न्यायालयाच्या आदेशाची गरज पडावी, याचं वाईट वाटतं. मुलांना प्रवेश मिळाला. इतर विद्यार्थ्यांसाठी आखूड केसांचा नियम देशभर कायम आहे.